डॉक्टर हाऊसची जोडी कोणाशी? एका भांडणाचा इतिहास

गेल्या महिन्यात माझं सहामाही सादरीकरण झालं. चौथ्या प्रकरणाची स्लाइड आली तेव्हा समितीतल्या एका सरांनी चष्मा कपाळावर सरकवला आणि विचारलं, "म्हणजे मालिकेतल्या डॉक्टरचं कोणाशी जमावं यावरून लोक भांडले, आणि त्यावर तुम्ही अख्खं प्रकरण लिहिणार?" मी "हो सर" एवढंच म्हणाले, कारण वेळ संपत आली होती आणि पुढच्या मुलाचा पेन ड्राइव्ह लागत नव्हता. नीट उत्तर आज इथे देते.

नवीन वाचकांसाठी थोडक्यात सांगते. माझं एम.एस्सी. मायक्रोबायोलॉजीत झालं. पुढे पेट्री डिशऐवजी इतिहासात शिरले. टीव्हीनं डॉक्टर कसा दाखवला आणि बघणाऱ्यांनी त्याला कसं स्वीकारलं, हा माझा विषय. डॉक्टरांनी काय ठरवलं ते कागदोपत्री सापडतं, पण प्रेक्षकांच्या मनात डॉक्टरविषयी काय चाललं होतं ते कुठे शोधायचं? मला ते सगळ्यात जास्त अशा ठिकाणी सापडलं जिथे कुणी शोधत नाही, म्हणजे "याचं तिच्याशी जमायला हवं होतं" या वादात.

सुरुवात जरा मागून करू.

१९६१ साली अमेरिकेत एकाच हंगामात दोन डॉक्टर मालिका आल्या. एनबीसीवर 'डॉ. किल्डेर' आणि एबीसीवर 'बेन केसी'. किल्डेर गोरागोमटा, सालस, शिकाऊ डॉक्टर. केसी कपाळावर आठ्या असलेला मेंदूचा सर्जन. कुठला डॉक्टर बरा यावर घरोघरी दोन तट पडले. पण या डॉक्टरांच्या प्रेमावर फारसं भांडण होऊ शकत नव्हतं, कारण प्रेम टिकतच नव्हतं. एखादी मुलगी यायची, डॉक्टरचा जीव जडायचा, आणि एक-दोन भागांत ती मरायची किंवा निघून जायची. १९६४ मध्ये किल्डेरच्या एका दोन भागांच्या कथेत इव्हेट मिम्यू या अभिनेत्रीनं फिट्स येणाऱ्या सर्फर मुलीचं काम केलं होतं. किल्डेर तिच्या प्रेमात पडतो, ती समुद्रात जाते आणि संपते. पुढच्या आठवड्यात डॉक्टरसाहेब पुन्हा वॉर्डात हजर, मोकळे.

यामागे नुसती लेखकाची सोय नव्हती. त्या काळात अमेरिकन मेडिकल असोसिएशनची सल्लागार समिती या मालिकांच्या पटकथा तपासून द्यायची. मालिकांना औषधोपचारांचे तपशील बिनचूक मिळायचे, आणि बदल्यात डॉक्टर पडद्यावर स्वच्छ राहायचा. चुकणारा, लोभी, बायकोशी तुसडेपणानं वागणारा डॉक्टर दाखवणं अवघडच होतं. लोकांचा विश्वासही तसाच बसला. १९६९ ला सुरू झालेल्या 'मार्कस वेल्बी, एम.डी.' मधल्या रॉबर्ट यंग या नटाला पहिल्या पाच वर्षांत सुमारे अडीच लाख पत्रं आली, आणि त्यातली बरीचशी वैद्यकीय सल्ला मागणारी होती. नटाला! असा डॉक्टर देव्हाऱ्यात बसवायचा असतो. त्याचं कोणाशी जुळावं हा प्रश्नच जरा आगाऊ वाटतो.

जोडीवरून भांडायची रीत रुग्णालयात जन्मली नाही, ती अंतराळयानात जन्मली. 'स्टार ट्रेक' १९६९ मध्ये बंद पडली आणि तिच्या चाहत्यांनी, त्यात बायका पुष्कळ, सायक्लोस्टाइल केलेल्या छोट्या अंकांमधून पुढच्या गोष्टी स्वतः लिहायला घेतल्या. कॅप्टन कर्क आणि स्पॉक यांच्यात मैत्रीपलीकडचं काही आहे असं मानणारी, छापली गेलेली पहिली ज्ञात कथा १९७४ ची. दोन नावांच्या मध्ये एक तिरकी रेघ द्यायची पद्धत तिथून पडली आणि त्या रेघेवरूनच अशा लेखनाला 'स्लॅश' नाव मिळालं. पुढे नव्वदच्या दशकात 'एक्स-फाइल्स'च्या चाहत्यांमध्ये फूट पडली. मल्डर आणि स्कली यांचं जुळावं म्हणणारे 'रिलेशनशिपर', त्याचंच तोकडं रूप 'शिपर'. जहाजाशी काही संबंध नाही. आणि ज्यांना प्रेमबीम नको, फक्त परग्रहवासी हवेत, ते 'नोरोमो', म्हणजे नो रोमान्स. (स्कली पेशानं डॉक्टरच आहे, पण ही मालिका माझ्या प्रबंधात बसवायचा प्रयत्न गाईडनी हाणून पाडला.)

मग आली 'ईआर'. १९९४ ते २००९, तीनशे एकतीस भाग. तिची कॅरल हॅथवे ही नर्स पहिल्याच भागात आत्महत्येचा प्रयत्न करते आणि मूळ बेतानुसार ती मरायची होती. चाचणीसाठी भाग बघणाऱ्यांना ती आवडली, म्हणून वाचली. पुढे जॉर्ज क्लूनीच्या डॉ. रॉसबरोबर तिची जोडी वर्षानुवर्षं गाजली. म्हणजे बघा, किल्डेरच्या काळात नायिका मरायची म्हणून डॉक्टर मोकळा राहायचा. इथे प्रेक्षकांनी मेलेली नायिका उठवली. मला हा टप्पा फार महत्त्वाचा वाटतो.

'ईआर'मध्येच वैद्यकीय मालिकेतलं पहिलं ठळक गटबाजीचं भांडण दिसतं. अ‍ॅबी लॉकहार्ट, दारूच्या व्यसनातून सावरणारी नर्स, जी पुढे डॉक्टर होते. तिचं जमावं कोणाशी? श्रीमंत घराण्यातला, स्वतः वेदनाशामकांच्या व्यसनातून गेलेला जॉन कार्टर, की युद्धात बायकामुलं गमावलेला क्रोएशियन लुका कोव्हाच? नावं जोडून गट पडले, 'कार्बी' आणि 'लूबी'. २००७ साली मालिकेत अ‍ॅबीचं लुकाशी लग्न लागलं आणि तरी कार्बीवाले हटले नाहीत. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं की व्यसनाचं दुखणं ज्यानं भोगलंय तोच तिला समजेल. लूबीवाले म्हणायचे, दोन बुडणारी माणसं एकमेकांना वाचवत नाहीत. मी पहिल्यांदा हे वाद वाचले तेव्हा थबकलेच. हे तर समुपदेशकांच्या बैठकीत होणारं बोलणं झालं! डॉक्टर आता देव्हाऱ्यातून उतरून रुग्णाच्या खुर्चीत बसला होता आणि प्रेक्षक त्याची केस हिस्टरी मांडत होते.

आता मुख्य गोष्ट.

'हाऊस' १६ नोव्हेंबर २००४ ला फॉक्स वाहिनीवर सुरू झाली आणि २१ मे २०१२ ला संपली. आठ सीझन, एकशे सत्त्याहत्तर भाग. डेव्हिड शोअरनं घडवलेला ग्रेगरी हाऊस हा निदानात अफाट हुशार, बोलण्यात विखारी, मांडीच्या कायमच्या दुखण्यामुळे व्हायकोडिन या वेदनाशामकाच्या आहारी गेलेला. उघडउघड शेरलॉक होम्सचा वंशज. घराचा नंबरसुद्धा २२१बी, आणि मित्राचं नाव वॉटसनची आठवण करून देणारं विल्सन. सगळे खोटं बोलतात हे त्याचं ब्रीद. आणि त्याच्यासाठी तीन गट उभे राहिले: ज्युनिअर डॉक्टर अ‍ॅलिसन कॅमरनसाठी 'हॅमरन', रुग्णालयाची प्रमुख लिसा कडीसाठी 'हडी' (मराठीत हे नाव हडळीच्या फार जवळ जातं, पण इलाज नाही), आणि कर्करोगतज्ज्ञ जेम्स विल्सनसाठी 'हिल्सन'.

मी हॅमरन गटातली. सुरुवातीलाच कबूल केलेलं बरं. आमच्या हॉस्टेलच्या लॅनवर ही मालिका कुणीतरी टाकली होती आणि पाच जणी एका लॅपटॉपसमोर, गादीवर, कुकरच्या शिट्टीत संवाद हरवत बघायचो.

पहिल्या सीझनच्या शेवटी कॅमरन नोकरीवर परत यायला अट घालते: हाऊसनं तिला जेवायला न्यायचं. तो नेतो. आणि जेवताना तिचंच निदान करतो. तिनं मरणाच्या दारात असलेल्या माणसाशी लग्न केलं होतं. हाऊसचं म्हणणं, तुला मोडलेलं माणूस दुरुस्त करायला आवडतं, म्हणून मी आवडतो. तेव्हा मला तो प्रसंग भयंकर रोमँटिक वाटला होता. आज पुन्हा बघितला की दिसतं, हा बॉस आहे, ती हाताखालची, आणि तिच्या भावनेला त्यानं लक्षण ठरवून टाकलंय. हॅमरनविरोधी गट हे तेव्हाच सांगत होता. कामाच्या ठिकाणी वरिष्ठ-कनिष्ठ नात्याचं काय करायचं, यावर तो गट बोलत होता, आणि मी त्यांना खडूस म्हणत होते.

बरोबर पुढच्या आठवड्यात, म्हणजे १७ मे २००५ ला, 'थ्री स्टोरीज' हा भाग आला. या भागाच्या लेखनासाठी शोअरला एमी पुरस्कार मिळाला. त्यात हाऊसच्या पायाची गोष्ट कळते. मांडीतली रक्तवाहिनी गाठीनं बंद होते, स्नायू मरू लागतो. पाय कापायला तो नकार देतो. वेदना असह्य म्हणून त्याला औषधानं कोमात ठेवतात. आणि तो बेशुद्ध असताना त्याची त्या वेळची जोडीदार स्टेसी, त्याच्या वतीनं निर्णय घ्यायचा कायदेशीर अधिकार वापरून, मधला मार्ग निवडते: मेलेला स्नायू काढून टाकायचा. पाय वाचतो, जीव वाचतो, वेदना जन्मभर राहते. हा मधला मार्ग स्टेसीला सुचवणारी डॉक्टर कोण? कडी.

आता तुम्ही सांगा, स्टेसीनं विश्वासघात केला की जीव वाचवला?

घाई करू नका. मी ज्या-ज्या वर्गात हा प्रसंग दाखवलाय तिथे वर्ग दुभंगलाय. माहितीपूर्ण संमती ही संकल्पना वैद्यकीय नीतिशास्त्राच्या पुस्तकात अर्ध्या पानात येते आणि मुलं ती पाठ करून विसरतात. चाहत्यांनी हा एक प्रसंग वर्षानुवर्षं उलटसुलट केला, कारण त्यांना जोडी ठरवायची होती. शुद्धीवर असताना त्यानं स्पष्ट 'नाही' म्हटलं होतं, मग बेशुद्धीत 'हो' कसं चालेल? पण त्यानं 'नाही' म्हटलं ते पाय कापायला, या तिसऱ्या शस्त्रक्रियेबद्दल त्याला कुठे विचारलं होतं? आणि विचारलं नव्हतं हाच तर गुन्हा नाही का? हडी गटाला इथे मोठीच अडचण होती, कारण स्टेसी दोषी तर कडीही दोषी. त्यांनी त्यातून काढलेली वाट अशी की कडीला अपराधीपणा वाटतो, म्हणूनच ती पुढे त्याला नोकरी देते, सांभाळते, तिसऱ्या सीझनमध्ये तर कोर्टात त्याच्यासाठी खोटी साक्षही देते. अपराधीपणातून आलेल्या प्रेमाला प्रेम म्हणायचं का, हा मग पुढचा वाद.

इथे मला माझी प्रयोगशाळा आठवते. एम.एस्सी.च्या प्रकल्पात मी एक कल्पना धरून बसले होते आणि जो निकाल येईल तो तिच्या बाजूनंच वळवत होते. कल्चर वाढलं तर "बघा, मी म्हटलंच होतं", नाही वाढलं तर "माध्यम बिघडलं असणार". चाहत्यांचे गट अगदी हेच करायचे. हाऊस कडीला टोमणा मारतो, म्हणजे प्रेम लपवतोय. टोमणा मारत नाही, म्हणजे प्रेम कबूल करतोय. कुठल्याच पुराव्यानं खोटी ठरणार नाही अशी कल्पना विज्ञानात कामाची नसते, हे आपण शिकतो. पण गंमत अशी, की 'हाऊस' बघणाऱ्यांना हे शिकवायची गरजच नव्हती. मालिकेचा प्रत्येक भाग म्हणजे पांढऱ्या फळ्यावर लक्षणं लिहून एकेक रोग खोडत जाणं. चाहते समोरच्या गटाला तेच सुनवायचे, की तुम्ही लक्षण आधी ठरवता आणि रुग्ण मग शोधता.

आणि मग निर्मात्यांनी पुराव्याचाच घोळ केला.

पाचव्या सीझनच्या शेवटी, ४ मे २००९ च्या भागात, हाऊस कडीकडे मदत मागतो. ती रात्रभर थांबून त्याचं व्यसन उतरवते आणि ते एकत्र येतात. हडी गटाची दिवाळी. पूर्ण एक आठवडा. ११ मेच्या भागात कळतं की त्यातलं काहीच घडलं नव्हतं. सगळा भास. त्या रात्रीची खूण म्हणून तो जी लिपस्टिक हातात खेळवत असतो, ती प्रत्यक्षात व्हायकोडिनची बाटली. प्रेक्षकांनी डोळ्यांनी बघितलेला प्रसंग खोटा निघाला. संशोधनाच्या भाषेत सांगायचं तर उपकरणच बिघडलेलं होतं आणि आपण त्यावरचे आकडे टिपत बसलो होतो.

त्या फसवणुकीनंतर हडी गट कोसळेल असं वाटेल, पण झालं उलटं. ज्याला भासातही कडीच दिसते त्याच्या मनात तीच आहे, असा युक्तिवाद लगेच तयार झाला. विल्सनवाले म्हणाले, भासातून बाहेर आल्यावर मनोरुग्णालयाच्या दारापर्यंत सोडायला कोण गेलं? विल्सन. झालं, पुन्हा फळा भरला. लेखकांनाही हे ठाऊक होतं असं मला वाटतं. कारण एका वर्षानं, १७ मे २०१० ला, कडी जेव्हा खरोखर येते आणि प्रेम असल्याचं सांगते, तेव्हा हाऊस न्हाणीघराच्या फरशीवर गोळ्या हातात घेऊन बसलेला असतो आणि तिला विचारतो की हा भास नाही कशावरून. ती विचारते, गोळ्या घेतल्यास का? त्यानं घेतलेल्या नसतात. प्रेक्षकांची शंका पात्राच्या तोंडी घातली आणि तिथल्या तिथे एक साधी चाचणी करून दाखवली. मालिकेतला माझा सगळ्यात आवडता प्रसंग, हॅमरन गटात असूनही.

याच सुमारास आपल्याकडेही रुग्णालयातल्या जोडीवरून रणकंदन चालू होतं, ते सांगितल्याशिवाय पुढे जाववत नाही. स्टार वनवरची 'दिल मिल गए', २००७ ते २०१०, 'संजीवनी'ची पुढची पिढी. अरमान आणि रिद्धिमा. इथे जोडी कोणती यावर वाद जवळजवळ नव्हताच, दोघांनी एकत्रच यायचं होतं. वाद होता रिद्धिमा कोणती यावर. शिल्पा आनंद, मग सुकीर्ती कांडपाल, मग जेनिफर विंगेट, अशा तीन अभिनेत्रींनी ती भूमिका केली, आणि माझ्या मावसबहिणीनं दुसरी आल्यावर आठवडाभर टीव्हीकडे पाठ केली होती. आपण जीव लावतो तो पात्राला की चेहऱ्याला, हा प्रश्न तिकडच्या चाहत्यांपुढे इतक्या थेट आला नाही. यावर कुणीतरी स्वतंत्र प्रबंध लिहावा. मी नाही, माझी फेलोशिप संपत आलीये.

परत हाऊसकडे. सातव्या सीझनमध्ये हाऊस आणि कडी खरंच एकत्र राहू लागतात. मार्च २०११ च्या एका भागात कडीच्या लघवीत रक्त आढळतं, मूत्रपिंडात गाठ दिसते, कर्करोगाची भीती. हाऊस आधी तिच्याजवळ जातच नाही, मग येतो. गाठ साधी निघते. पण तो गोळी घेऊन आला होता हे कडीच्या लक्षात येतं. शुद्धीत राहून तिच्या दुखण्यापाशी बसायची त्याची ताकद नव्हती. ती नातं तोडते. यावर दोन्ही बाजूंनी बोलण्यासारखं खूप होतं आणि लोक बोललेही. व्यसनी माणसाची एक घसरण ही फसवणूक की आजाराचं लक्षण? आणि एका लहान मुलीची आई असलेल्या बाईनं त्याच्या आजारपणासाठी किती थांबायचं?

मग २३ मे २०११ चा भाग. हाऊस कडीच्या घरी तिचा केसांचा ब्रश परत द्यायला जातो, खिडकीतून ती इतरांबरोबर जेवताना दिसते, त्यात एक पुरुष. तो गाडीत बसतो आणि गाडी सरळ तिच्या जेवणाच्या खोलीत घुसवतो. भिंत फोडून. उतरतो, ब्रश तिच्या हातात देतो आणि निघून जातो.

आमच्या हॉस्टेलवर हा भाग पावसाळ्यात पोचला. आम्ही पाच जणी होतो. गाडी भिंतीतून आत आली तेव्हा दोघी ओरडल्या, एक हसली, कारण हाऊसच्या चेहऱ्यावर गमतीदार भाव होता आणि तसं संगीत होतं. आमच्यातली हडी गटाची कट्टर कार्यकर्ती म्हणाली, "बघ, किती प्रेम आहे त्याचं." तेव्हा पाचवी, जी एरवी मालिका बघता बघता स्वेटर विणायची आणि कुठल्याच गटात नव्हती, तिनं उठून लॅपटॉप मिटला. आमच्या घराचं दार असंच तुटलं होतं, एवढंच म्हणाली. त्या रात्री पुढे कुणी काही बोललं नाही. पण नंतरचे दोन-तीन महिने आम्ही पाच जणी याच एका प्रसंगावर जे बोललो, ते मी कुठल्याच तासाला बोललेलं ऐकलं नाही. तिचं म्हणणं ठाम होतं: तो किती दुखावलाय हे मला सांगू नका, त्या टेबलाशी कोण बसलं होतं ते सांगा.

बाहेरच्या जगातही हेच झालं होतं, फक्त मोठ्या प्रमाणावर. वर्षानुवर्षं हडीसाठी भांडणाऱ्यांपैकी पुष्कळजण तिथे थांबले. काहींनी या भागाला मालिकेचा भाग मानायलाच नकार दिला. काहींनी लेखकांवर आरोप ठेवला की त्यांनी पात्राला न शोभणारं वागायला लावलं. आणि काहीजण म्हणाले की नाही, हे पहिल्यापासून असंच होतं, आपण हसत होतो म्हणून दिसलं नाही. इतिहासाची विद्यार्थिनी म्हणून मला हे तिसरं मत सगळ्यात मोलाचं वाटतं. पडद्यावरच्या डॉक्टरच्या बुद्धीपायी आपण त्याला काय काय माफ केलं, याचा हिशेब प्रेक्षक स्वतः मांडायला बसले होते. १९६१ च्या प्रेक्षकाला अशी वेळच आली नव्हती, कारण समितीनं आधीच पटकथेतून सगळं गाळून ठेवलं होतं.

त्याच महिन्यात लिसा एडलस्टीन मालिका सोडत असल्याची बातमी आली. आठव्या सीझनमध्ये कडी नाही. हाऊस तुरुंगात आहे, बाहेर येतो, पण जिच्या घरात गाडी घुसली ती त्याला त्याबद्दल काय म्हणाली असती हे पडद्यावर कधीच आलं नाही. चाहत्यांचे वाद वाचताना ही गोष्ट नेहमी ध्यानात ठेवावी लागते. ते एका अपुऱ्या, चालू असलेल्या दस्तऐवजावर वाद घालत असतात, आणि त्या दस्तऐवजाची पानं कथेशी काहीही संबंध नसलेल्या कारणांनी, करारांनी, पगारांनी गळतात. जुन्या कागदपत्रांत वाळवी लागलेल्या पानांचं जसं, तसंच. तिथे काय लिहिलं असेल हे मग प्रत्येक गट आपापल्या सोयीनं भरून काढतो. कडीचं ते न झालेलं बोलणं चाहत्यांनी स्वतः लिहिलेल्या कथांमध्ये कितीदा तरी लिहिलं गेलंय. त्यातल्या काही कथांत ती माफ करते. मी वाचलेल्यांपैकी ज्या मला चांगल्या वाटल्या, त्यांत करत नाही.

शेवट तुम्हाला ठाऊक असेल. विल्सनला कर्करोग होतो, हातात काही महिने उरतात, आणि हाऊस स्वतःच्या मृत्यूचा बनाव रचून, वैद्यकी कायमची सोडून, मित्रासोबत मोटरसायकलवर निघून जातो. १८९३ मध्ये कॉनन डॉयलनं होम्सला धबधब्यात ढकललं होतं आणि वाचकांच्या संतापानंतर काही वर्षांनी परत आणलं, त्याची ही आठवण. हिल्सन गट म्हणाला, जिंकलो. मैत्री म्हणा, प्रेम म्हणा, शेवटी बरोबर कोण गेलं? यावर हॅमरन गटातर्फे माझं एक बारीकसं म्हणणं आहे: ज्याला फक्त मरणाऱ्या माणसाजवळच नीट राहता येतं, तो पहिल्या सीझनमध्ये कॅमरनला नावं ठेवत होता ना?

सादरीकरण संपल्यावर मी चहाच्या टपरीवर उभी होते. ते सर आले. मूळचे वैद्यकीय शाखेचे, बरीच वर्षं भूलतज्ज्ञ म्हणून काम केलेले. कटिंग घेतला आणि म्हणाले, "ते कोमाचं काय सांगत होतात तुम्ही, त्या बाईनं सही केली म्हणून?" मी स्टेसीची गोष्ट पुन्हा सांगितली. ते म्हणाले, चूक केली तिनं, सरळ चूक. मी म्हटलं, सर, पण तो मेला असता. "मग मेला असता," ते म्हणाले, आणि थोडा वेळ गप्प राहून, "थांबा, त्याला या तिसऱ्या पर्यायाबद्दल कुणी विचारलंच नव्हतं म्हणता?" आमचा दुसरा चहा झाला तेव्हाही हे चालूच होतं.